वाघाच्या पाठीमागची वाट

शुक्रीला पाठीमागूनही ओळखता यायचं. सायवनच्या बाजारातून परतणाऱ्या बायकांची रांग माळ चढू लागली की सगळ्यांची डोकी वरखाली व्हायची, एकटीचं व्हायचं नाही. कमरेखाली काय चाललंय याचा मानेला पत्ताच नसल्यासारखी ती चालायची. लाकडाचा भारा असो, पाण्याचे दोन हंडे असोत, नाहीतर नुसतं रिकामं डोकं, चाल तीच. लग्न ठरायच्या वेळी तिच्या सासूने तिला आधी टेकडी चढताना बघितलं होतं आणि मग तोंड बघितलं होतं. तोंडाबद्दल ती काही बोलली नव्हती.

त्या भागातल्या पायवाटा एका पावलाएवढ्या रुंद. दोघांना शेजारीशेजारी चालता येत नाही, त्यामुळे तिथली माणसं चालताना जे बोलतात ते पुढच्याच्या पाठीशी बोलतात. बातमी रांगेच्या शेपटाकडून तोंडाकडे सरकत जाते. कुणाला टोचून बोलायचं असेल तर बाई मुद्दाम मागे राहते, कारण पुढचीला वळून उत्तर देता येत नाही, डोक्यावर भारा असतो. शुक्री नेहमी पुढे असायची. तीस-चाळीस वर्षं तिने सगळ्यांचं सगळं पाठीवर ऐकून घेतलं. तिला मूल झालं नाही याबद्दलही.

अंतर ती उताऱ्यांत मोजायची. डोक्यावरचा भारा उतरवून दम खायची जागा म्हणजे उतारा. एखादं सावलीचं झाड, एखादा कमरेएवढा दगड, जिथे दुसऱ्याच्या मदतीशिवाय भारा टेकवता येतो आणि परत उचलता येतो. लहानपणी ती आईबरोबर गवताचे भारे घेऊन डहाणू स्टेशनला जायची. एकवीस उतारे. ते गवत मालगाडीत चढून मुंबईच्या तबेल्यांतल्या म्हशींकडे जायचं, आणि शुक्रीला वाटायचं, त्या म्हशी फार मोठ्या असणार. एकदा गवत टाकून झाल्यावर आई तिला नरपडला चिकूच्या वाडीत कामाला घेऊन गेली. तिथे तिने समुद्र बघितला. बराच वेळ बघून ती म्हणाली, "इथं वाट कुठं आहे?" आई हसली नाही. म्हणाली, "नाय. इथून माघारी फिरायचं."

नवरा लडक्या तिच्या उलट. तो रमतगमत चालायचा, वाटेत कुणाच्याही ओट्यावर बसायचा. बारा वर्षांपूर्वी तो तलासरीच्या बाजूला झरीला बहिणीकडे गेला. जाताना नेहमीची डोंगरातली वाट धरली, येताना मोठ्या रस्त्याच्या कडेकडेने आला. लवकर पोचेन असं त्याला वाटलं असणार. पहाटे एका ट्रकने त्याला उडवलं. ट्रक थांबला नाही. चौकीतल्या माणसाने कागद भरताना शुक्रीला विचारलं, "रस्त्यात काय करत होता तो?"

"चालत होता."

"ते कळलं. पण काम काय होतं?"

तिला प्रश्न कळला नाही. माणसाने पेन टेकवून धरलं आणि शेवटी लिहिलं, काही नाही.

मागे राहिली ती आणि दिराचा मुलगा मनिष. मनिषची आई तो रांगता असतानाच गेली होती, बाप पुढच्याच वर्षी दुसरी करून वलसाडकडे निघून गेला. शुक्रीने त्याला कडेवर घेऊन शेतं केली, आश्रमशाळेत पोचवलं, सुट्टीत आणलं. शाळा आठ उताऱ्यांवर होती. मुलगा कडेवर असला की बारा व्हायचे. बारावी झाल्यावर मनिषने पाड्यातच वेगळं घर केलं, मोटरसायकल घेतली, गावातल्या वनहक्क समितीत गेला, सगळ्यांचे कागद तोच करायला लागला. शुक्रीला तो म्हणायचा, "काकी, आता किती चालशील? बस मागे." ती बसायची नाही. गाडीवरून वाट दिसत नाही, म्हणायची.

मग करवंदीचा एक काटा उजव्या पायात मोडला. तिने तो बाभळीच्या काट्याने काढला, निम्मा आतच राहिला. अंगात साखर आहे हे तिला माहीत नव्हतं. पाय काळा पडायला लागला तेव्हा मनिषने तिला दवाखान्यात नेलं आणि तिथे उजव्या पायाची दोन बोटं काढावी लागली. परतल्यावर ती पहिल्यांदाच चप्पल घालून पाड्यातून चालली. शेजारीण सुकी अंगणात भात पाखडत होती. ती सूप थांबवून म्हणाली, "शुक्रे, आता तुझी पण मान हलते गे." बायका हसल्या. शुक्रीही हसली. घरात जाऊन तिने हंडा डोक्यावर घेतला आणि मान हलेनाशी होईपर्यंत अंगणात फेऱ्या मारल्या. जखम पुन्हा उघडली.

तिची जमीन टेकडीच्या उतारावर होती. खाली भाताचं एक लहानसं खाचर. वर नाचणी-वरईचा उतार, खाचराच्या पाचपट. खाचराचं भात तिला होळीपर्यंत पुरायचं, उरलेलं वर्ष वरच्या उतारावर निघायचं. जमीन जंगलखात्याची, कसणारे हे, तिच्या आजेसासऱ्यापासून. आता सरकार त्याचे कागद करून देत होतं.

खाचर संपून उतार सुरू होतो त्या कोपऱ्यात, ऐनाच्या झाडाखाली, पाड्याचा वाघ उभा आहे. सागाची उभी फळी, तिच्यावर कोरलेला वाघ, वर चंद्र-सूर्य, सगळ्याला शेंदूर. त्याचं तोंड खाली पाड्याकडे, पाठ वरच्या उताराकडे, आणि पाठीमागे करवंदीची दाट जाळी. या वाघाचा एक नेम आहे आणि तो पाड्यातलं पोरही पाळतं. एकदा वाघाला तोंड दाखवलं की त्या दिवशी त्याच्या वर जायचं नाही. त्याने तुम्हाला बघितलं, आता त्याच्या पाठीमागे जायचं नाही. हात जोडून खाली उतरायचं. म्हणून वरच्या उतारावर जायची वाट नाल्याकडून आहे. नाल्याकडून चढायचं, दिवसभर वर काम करायचं, आणि संध्याकाळी उतरताना झाडाला वळसा घालून वाघासमोर यायचं. दिवसाचा शेवट त्याच्यासमोर. मनिष कडेवर होता तेव्हापासून शुक्रीने त्याला हे शिकवलं होतं. तो एकदा खालूनच वर पळायला निघाला तेव्हा तिने त्याच्या पिंढरीवर शिपटी ओढली होती.

माघ महिन्यात मोजणीचे साहेब आले. साहेब म्हणजे तिशीचा मुलगा, परभणीकडचा, गळ्यात पाण्याची बाटली. मोजायला साखळी नव्हती की टेप नव्हता, मोबाईल होता. त्याने सगळ्यांना समजावून सांगितलं, "ज्याचा दावा त्याने आपल्या हद्दीवरून चालायचं. मी मागून मोबाईल घेऊन येतो. तुमचे पाय जिथून जातील तिथून रेघ पडेल. रेघेच्या आत येईल ते तुमचं."

शुक्रीला हे फार आवडलं. आयुष्यात पहिल्यांदा सरकारने तिला येत असलेली गोष्ट विचारली होती. तिने चप्पल घरी ठेवली, पायाला फडकं बांधलं आणि नवं लुगडं नेसली.

मोटरसायकली खाचराच्या खालच्या बांधाशी लागल्या. शुक्री नाल्याकडे निघाली, तसा मनिष म्हणाला, "काकी, इथूनच सुरू कर. साहेबांना नाल्यातून कशाला नेतेस?"

"इथून वर कसं जायचं?"

"चाल तर. जाऊ."

ती निघाली. खालच्या बांधावरून, कडेकडेने, एकाही ठिकाणी न अडखळता. साहेब मागे. मोबाईलवर निळी रेघ तिच्या टाचेच्या मागून उगवत होती. साहेब म्हणाला, "आजी, जरा हळू." मनिष हसून म्हणाला, "सर, बोटं असताना बघायचं होतं तुम्ही."

बांध चढून ती कोपऱ्यावर आली आणि वाघासमोर उभी राहिली. हात जोडले. वळून साहेबाला म्हणाली, "वरचं उद्या."

"उद्या? उद्या मला दुसऱ्या गावाला जायचंय. वर काय आहे?"

"वरचं उद्या चालू. आज यानं बघितलं."

"कोणी बघितलं?"

शुक्रीने मनिषकडे बघितलं. तो दोन पावलं पुढे आला. हलक्या आवाजात, साहेबाच्या कानाशी, पण तिला ऐकू जाईल असं म्हणाला, "सर, दमली ती. पाय बघा." फडक्यातून रक्त आलं होतं. "एवढंच आहे तिचं. या बांधावरून नाल्यापर्यंत न्या आणि खाली उतरवा. होईल पूर्ण."

'एवढंच आहे तिचं' हे शुक्रीने ऐकलं. तिला वाटलं, आजचं एवढंच असं तो म्हणतोय. पायाची काळजी करतोय. खाचर आणि उतार यांच्यामधल्या बांधावरून ती नाल्यापर्यंत गेली, नाल्याच्या कडेने खाली आली, जिथून निघाली तिथेच पाऊल टेकवलं. मोबाईलने टिंग केलं. साहेबाने तिचा अंगठा घेतला.

संध्याकाळी तिने मनिषकडे एक कोंबडा पाठवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी साहेब दुसऱ्या गावाला गेला नव्हता, स्वतःचा दावा मोजायचा राहिलाय म्हणून मनिषने त्याला थांबवून घेतलं होतं. मनिष त्याला घेऊन नाल्याकडून वर चढला. पायात बूट होते, ते त्याने नाल्यातच काढून ठेवले. उताराच्या सगळ्या कडेने अनवाणी चालला, आणि शेवटी झाडाला वळसा घालून खाली उतरताना वाघासमोर नारळ फोडला. शुक्री तेव्हा घरी पाय वर करून पडली होती, तिने सांगितलेल्या उद्याच्या बोलावण्याची वाट बघत.

हे तिला वैशाखात कळलं, नाल्याच्या वाटेवर तारेचं कुंपण आणि लोखंडी फाटक दिसलं तेव्हा. मनिष आत राब भाजायची, पेरणीआधी फांद्या-पाला जाळायची तयारी करत होता. ती फाटकाला धरून उभी राहिली.

"मनिष, हे कुणी घातलं?"

"मी."

"का?"

"गुरं येतात, काकी."

"माझं आहे ना हे?"

त्याने हातातली फांदी खाली ठेवली. "तू चाललीस कुठं इथून? साहेबांनी सगळ्यांसमोर सांगितलं होतं. जिथून चालेल ते."

"मी उद्या म्हणाले होते."

"उद्याची रेघ नसते त्यात."

शुक्रीने फाटक एकदा हलवून बघितलं. मग म्हणाली, "मी मेल्यावर तुझंच होतं रे. दुसरं कोण आहे मला?"

"मेल्यावर कागद होत नाय, काकी. आता होत होते." त्याने हे रागाने म्हटलं नाही. लहान मुलाला समजवावं तसं म्हटलं. "तुझ्या नावावर झालं असतं तर मागून वलसाडवरून बाबा आला असता हिस्सा मागायला. तुला नाचणी देईन ना मी. उपाशी ठेवीन का?"

"फाटक उघड."

"चावी घरी आहे."

चावी त्याच्या करगोट्याला होती. तिला दिसत होती.

तिसऱ्या दिवशी ती डहाणूच्या कचेरीकडे निघाली. एसटी होती, पण ती चालत गेली. लहानपणीच्या एकवीस उताऱ्यांपैकी सहाच सापडले. बाकीची झाडं रस्ता रुंद करताना गेली होती, दगड खडीत गेले होते. डोक्यावर भारा नव्हता तरी उतारा आला की पाय थांबायचे आणि न मिळाल्यावर तसेच पुढे ओढायचे. एक रात्र तिने एका वीटभट्टीवरच्या ओळखीच्या गवती झापात काढली. कचेरीत पोचली तेव्हा तो परभणीचा साहेब टेबलावर डबा खात होता. त्याने तिला ओळखलं ते पायावरून.

"आजी, चालत आलात? एवढं?"

"वरचं राहिलं ना," ती म्हणाली.

त्याला हळूहळू सगळं समजलं. वाघाचा नेम, खालून सुरू केलेली चाल, दुसऱ्या दिवशीची मनिषची रेघ. त्याने डबा मिटवला. तो वाईट माणूस नव्हता. म्हणाला, "मी पाऊस पडायच्या आत येतो. परत चालून दाखवा. पंचांसमोर. दोन्ही रेघा वर पाठवतो, तिथे ठरवतील." त्याने तिला एसटीत बसवलं. तिला दोनदा उलटी झाली.

तो खरंच आला, ज्येष्ठाच्या शेवटी. सगळा पाडा जमला. शुक्री नाल्याकडे निघाली तेव्हा फाटकाला कुलूप होतं. मनिष समितीच्या लोकांबरोबर सावलीत उभा होता.

"उघडा ना," साहेब म्हणाला.

"सर, माझ्या हद्दीतून मी कशाला वाट देऊ? तिची हद्द असेल तर तिला वाट पण असेल."

समितीतले लोक जमिनीकडे बघत राहिले. साहेबाने घड्याळ बघितलं, आभाळ बघितलं. वारा सुटला होता. "आजी, दुसरीकडून कुठून वर जाता येतं?"

येत होतं. सगळ्यांना माहीत होतं कुठून.

पाड्याचा म्हातारा भगत काकड्या काठी टेकत तिच्याजवळ आला. "शुक्रे, नको," एवढंच म्हणाला.

ती खालच्या बांधावरून निघाली. मागे साहेब, त्याच्या मागे कुणीच नाही. पाडा खालीच थांबला. वाघासमोर ती आली, हात जोडले. त्याचे कोरलेले गोल डोळे शेंदराने बुजत आले होते. तिने पदर डोक्यावरून पुढे ओढून तोंड झाकलं, जसं काही त्याने बघितलंच नाही असं होईल. मग फळीच्या डाव्या बाजूने, जाळी आणि लाकूड यांच्यामधल्या दीड हात जागेतून, ती वर निघाली.

खाली बायकांच्या तोंडून एकच आवाज आला, आणि थांबला.

वाघाची पाठ तिने तेव्हा पहिल्यांदा बघितली. तिथे काही कोरलेलं नव्हतं. नुसतं लाकूड, कुऱ्हाडीचे घाव तसेच, खालचा हातभर भाग वाळवीने खाल्लेला. करवंदीचे काटे तिच्या दंडाला लागले, पायाला लागले. ती वर आली आणि सगळा उतार चालली. वरची कड, नाल्याची बाजू, फाटकाच्या आतून, परत बांध. मान हलली नाही. साहेब धापा टाकत मागून आला. मोबाईलकडे बघत तो म्हणाला, "आजी, तुमची रेघ त्याच्या रेघेवर पडतेय. हे लाल दाखवतंय."

"पडणारच. वाट तीच आहे."

"मी पाठवतो," तो म्हणाला. तिच्याकडे न बघता.

पहिल्या पावसानंतर उत्तर आलं. ज्याची रेघ आधी त्याची जमीन. साहेबाची बदली झाली होती, उत्तर मनिषनेच पाड्यात वाचून दाखवलं, अंगणात उभं राहून, एकही शब्द न गाळता. शुक्री ओट्यावर नाचणीचं बियाणं निवडत होती. तिने सूप खाली ठेवलं नाही.

आषाढात सुकीची गाभण शेळी बिबट्याने गोठ्यातून नेली. श्रावणात आणखी एक. त्या भागात दरवर्षी नेतो. पण त्या वर्षी सुकी शुक्रीच्या अंगणाच्या कडेला आली आणि उभी राहिली, आत पाऊल न टाकता.

"शुक्रे, माझ्या शेळीनं काय केलं होतं गे तुझं?"

"मी काय केलं?"

"त्याच्या पाठीमागून गेलीस. सगळ्यांनी बघितलं."

"मनिष पण वर जातो रोज."

"तो नाल्याकडून जातो," सुकी म्हणाली. "नेमानं जातो. नारळ फोडला त्यानं. तू काय फोडलंस?"

ते खरं होतं. मनिषने नेम मोडला नव्हता. एकही नाही.

वाघाच्या पूजेचा दिवस वाघबारस, तिच्या आधी पाडा बसला. काकड्या भगताला कौल बघायला दाणे टाकायला सांगितलं. त्याने तांदळाचे दाणे सुपात टाकले, दोनदा विसकटले, तिसऱ्यांदा तसेच ठेवले. शुक्रीने यापुढे वाघाला तोंड दाखवायचं नाही, तो म्हणाला. तो आणि लडक्या एका वयाचे. मनिषने एकदाच हात वर केला. "एक वर्ष ठेवा. म्हातारी आहे." बायका म्हणाल्या, बघा, काकीसाठी किती जीव तुटतो याचा. भगत म्हणाला, वर्ष नाही, कायमचं.

वाघासमोरून जाणारी वाट हीच तिच्या घरापासून खाचराकडची जवळची वाट. अर्धा उताराही नव्हता. तिच्या ओट्यावरून खाचर दिसतं, त्यातलं उभं पीक कुठे लोळलंय तेही दिसतं. आता तिथे जायचं म्हणजे पाडा उतरून डांबरी रस्त्याला लागायचं, पुलावरून वळायचं, नाल्याच्या पलीकडून यायचं. चार उतारे. भात कापणीला आलं तेव्हा ती रोज तेवढं चालायची. रस्त्यावर ती एकटी असायची. पाड्यातल्या बायका दिसल्या तर त्या तिला पुढे जाऊ द्यायच्या, आणि मग तिच्या मागून कुणीच काही बोलायचं नाही.

भात झालं. नाचणी वर उभी होती, लाल काळी, कणसं वळलेली. मनिषला कापायला माणसं मिळत नव्हती, सगळी भट्ट्यांवर गेली होती. एका सकाळी शुक्री डांबरी रस्त्याने खाचरातला पेंढा आणायला निघाली होती. पायाची जखम आता भरत नव्हती. चपलेत रक्त साचून पाय सटकत होता. मागून मोटरसायकल आली, हळू झाली.

"काकी, बस मागे."

ती चालत राहिली. मोटरसायकल तिच्या चालीने शेजारून येत राहिली. रस्ता रुंद होता, दोघांना शेजारीशेजारी जाता येत होतं.

"नाचणी कापायला येतेस का? पाटीमागं पाटी देतो. तुझ्यासारखी कुणी कापत नाय."

दहा-बारा पावलं ती तशीच चालली. मग थांबली. भारा उतरवतात तसं तिने रिकामं डोकं किंचित खाली वाकवलं, एक हात त्याच्या खांद्यावर टेकवला आणि बसली. दोन्ही पाय एका बाजूला. चप्पल पडली ती मनिषने उतरून उचलून दिली.

फाटकापाशी त्याने करगोट्याची चावी काढली, कुलूप उघडलं. ती नाल्याकडून वर चढली, जशी चढायची तशी. दिवसभर तिने नाचणी कापली, कडेपासून कडेपर्यंत, कुठे खाचखळगा आहे ते पायाला माहीत होतं. संध्याकाळी मनिष झाडाला वळसा घालून खाली उतरला, वाघासमोर हात जोडले.

शुक्री वरच थांबली. त्याचं होईपर्यंत ती जाळीच्या अलीकडे उभी होती, डोक्यावर तिच्या वाट्याची पाटी, मान ताठ. मग नाल्याकडे वळली आणि फाटकाशी जाऊन, तो येऊन उघडेपर्यंत उभी राहिली.